यंदा मी तुमच्या स्लावाला का येत नाही

ब्रेस्तोवा ग्लावा,
नाताळचा तिसरा दिवस

आदरणीय ग्वोझ्देनदादा,

ख्रिस्त जन्मला! (हे वाचून तुम्ही ‘खरोखर जन्मला’ असं मोठ्यानं म्हणालात, असं धरून पुढे लिहितो. म्हणाला नसाल तर आता म्हणा, मी थांबतो.) देव तुम्हाला आणि कोसारावहिनींना उदंड आयुष्य देवो, तुमच्या मधमाश्या या थंडीत तग धरोत आणि व्हिएन्नातल्या तुमच्या मुलाला, वुक्सानला, त्याचा मालक माणसासारखा वागवो. आम्ही सगळे ठीक आहोत. गाय ठीक आहे. स्तामेन्काही ठीक आहे, हे सकाळपासून ती मला जे जे बोलते आहे त्यावरून कळतं.

तुमच्या गुडघ्याचं मात्र खरं काय ते कळवा. संत निकोलाच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा पायऱ्या चढताना कठडा धरलात, आणि वर पोचल्यावर कठडा करणाऱ्या सुताराची स्तुती केलीत. दादा, तो कठडा मी केलेला आहे आणि त्यात स्तुती करण्यासारखं काहीही नाही. तेव्हाच मी ओळखलं की गुडघा बरा नाही. स्तामेन्का सांगते, कोबीचं पान घरच्या दारूत, राकियात, भिजवून बांधा. (राकिया पानावर लावायची आहे, एवढं वहिनींना वेगळं सांगा.)

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. यंदा संत योवानच्या दिवशी, तुमच्या घराण्याच्या संताच्या सणाला, तुमच्या स्लावाला, मी येऊ शकणार नाही. वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. तुम्ही माझ्या येलिसावेताला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलंत, तुम्ही आमचे कूम, सख्ख्या भावापेक्षा वरचे. कूमच्या घरी त्याच्या संताच्या दिवशी न जाणारा माणूस एकतर मेलेला असतो किंवा मेलेला बरा. मी जिवंत आहे. म्हणून कारण सविस्तर सांगणं भाग आहे.

संत योवानच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शहरात माझी तोंडी परीक्षा आहे. बॉयलर चालवण्याच्या परवान्याची. मी शाळेचा बॉयलर इतकी वर्षं पेटवतो आहे की त्याच्या उबेत बसून पाढे शिकलेली पोरं आता आपल्या पोरांना शाळेत सोडायला येतात. पण नवा नियम आला. मुख्याध्यापिका बोयानाबाईंनी मला बोलावून दरवाजा लावून घेतला. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, “ओब्राददादा, मी तुम्हाला हवं तर देवळात मेणबत्ती लावून कामावर ठेवून घेतलं असतं, पण तपासणीवाले मेणबत्ती बघत नाहीत. संत सावाच्या दिवशी शाळा उघडेल. त्या दिवशी बॉयलरला हात लावणाऱ्याच्या खिशात परवाना पाहिजे.” म्हणजे संत सावाच्या दिवशी, शाळेच्या स्वतःच्या संताच्या दिवशी, पोरं कविता म्हणायला उभी राहतील तेव्हा ती खोली माझ्या हातानं तापलेली असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या. तसं झालं तर या वयात मला दुसरं कोण काम देणार, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. विचारायचं आहे. पण तेही पुढे ढकललं आहे.

कारण हेच तर माझं दुखणं. परीक्षेचं पुस्तक शाळा सुरू होतानाच आलं. पातळसं पुस्तक आहे, त्याच्याहून जाड तर आमच्याकडचं बियाण्याचं माहितीपत्रक असतं. मी ते आदरानं खिडकीत ठेवलं आणि ठरवलं, मिरच्या भाजून बरण्या भरल्या की सुरुवात. (त्या मिरच्यांचं ऐवार न करता अभ्यासाला बसणाऱ्या माणसाचं डोकं हिवाळ्यात काय खाऊन चालणार?) बरण्या भरल्या. मग आलुबुखारे पडायला लागले, आणि आलुबुखारे कुणाच्या परीक्षेसाठी झाडावर थांबत नाहीत. मग ते आंबले, मग भट्टी लागली, आणि राकियाच्या भट्टीपाशी मी पुस्तक घेऊन बसलोसुद्धा, देवाशपथ. तिथे शेजारचा तिहोमिर आला. पुस्तक पाहून म्हणाला, “अरे, तू बॉयलरपाशीच बसला आहेस की! वाचतोस कशाला, बघ नुसता.” मला ते पटलं. मग आम्ही बघत बसलो.

स्तामेन्का पुस्तकावरची धूळ मुद्दाम पुसेना. म्हणाली, “राहू दे. वसंतात तिच्यात मुळे पेरता येतील.”

त्यानंतर संतांचे दिवस सुरू झाले, आणि इथे दादा, मी खरा फसलो. संत दिमित्री, मग महादूत मिखाइल, मग अधलेमधले सगळे. रोज कुठल्या ना कुठल्या घरी स्लावा. तुम्हीच सांगा, कुणी बोलावलं असतं तर ‘नाही जमणार’ असं कळवता तरी आलं असतं. पण स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, दार उघडं असतं, येणाऱ्यानं यायचं. ज्यानं बोलावलंच नाही त्याला नाही कसं म्हणायचं? मी सगळीकडे गेलो, सगळीकडे कोबीच्या पानात गुंडाळलेला सार्मा खाल्ला. मनात म्हणायचो, बॉयलरच्या झडपेसाठी मी संताला नाराज करू का? एका रविवारी हेच मी फादर इलारियोनना बोलून दाखवलं. त्यांनी दाढीतून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ओब्राद, सार्मा संत खातो की तू?” आणि पुढे म्हणाले, “संतासाठी जातोस तर चर्चमध्ये ये, तिथे खायला काही नसतं.” हे बोलणं मला लागलं. इतकं लागलं की त्या दिवशी मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं की बॉयलरवर कोणतीही वस्तू वाळत घालण्यास सक्त मनाई आहे. आमच्या बॉयलरवर त्या घटकेला बोयानाबाईंची अळंबी वाळत होती. मी पुस्तक मिटलं.

एकटा असताना मी यावर विचार केला आहे. आळस म्हणावा तर लाकडं फोडताना मला आळस येत नाही. मला वाटतं, पुस्तक मिटलेलं असतं तोवर मी ओब्राद असतो, शाळेचा बॉयलरवाला, आणि माझी ऊब लोकांना ठाऊक असते. ते उघडलं की मी पुन्हा आठवीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. कोण आपण होऊन तिथे जाईल? प्रार्थनेतही मी देवाला ‘मला बुद्धी दे’ असं म्हणायचो, ‘मला पान उलटायला लाव’ असं कधी म्हणालो नाही. भीती होती, तो ऐकेल.

आणि असं करता करता आमच्या घरचा संत निकोला आला. लेखी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी! कागद देणाऱ्या बाबूनं ती तारीख ठरवताना देवाचं नाव घेतलं नसणार. मेणबत्ती पेटली, फादर इलारियोननी भाकरीवर लाल दारूनं क्रूस केला, आणि माझं दिवसभराचं उभं राहणं सुरू झालं. मेणबत्ती जळते आहे तोवर घरधन्यानं बसायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. पाहुणे येत होते, गोड गव्हाचा चमचा घेत होते, माशाला आणि घेवड्याला नावं ठेवून तेच पुन्हा वाढून घेत होते, आणि मी प्रत्येक बशीबरोबर मनात तेच मोजत होतो. उद्या. उद्या. उद्या. तुम्ही लवकर निघालात (कठडा धरून), त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक नाही.

पुढचं असं. पेरुनिकाआत्या खिडकीजवळ बसल्या होत्या. चष्मा पुसायला कापड शोधताना त्यांच्या हाताला पुस्तक लागलं. त्यांनी ते प्रार्थनेचं समजून उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “काचेतली पाण्याची पातळी दिसेनाशी झाली तर काय कराल?”

मग तिहोमिर म्हणाला, “पाणी ओतायचं. त्यात काय?”

“मूर्खा, तापलेल्या भांड्यात गार पाणी ओततोस?” आत्या.

“मग पळायचं.”

“पाहुणे सोडून?”

“आत्या, बॉयलरला पाहुणे नसतात!”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात तबक घेऊन उभा. बसलेला असतो तर बशीत डोकं घातलं असतं. पण उभ्या माणसाला लपायला जागा नसते, दादा, विशेषतः स्वतःच्या घरात, स्वतःच्या संतासमोर. आत्यांनी उत्तर वाचून दाखवलं: पाणी मुळीच घालायचं नाही, आधी आग काढायची आणि बॉयलर आपोआप गार होईपर्यंत थांबायचं. (सगळ्या पुस्तकात काही न करता थांबा असं सांगणारी ती एकच जागा. मला ती लगेच पाठ झाली.) मग पुस्तक टेबलाभोवती फिरायला लागलं. जो नवा येई तो आधी क्रूसाची खूण करी, गहू खाई, आणि त्याच्या हातात पुस्तक जाई. मी वाढत होतो आणि उत्तरं देत होतो. चुकलो की आख्खं टेबल “आः!” करून हळहळे, जणू मी मासा जमिनीवर पाडला. मेणबत्ती विझली तेव्हा माझे पाय लाकडाचे झाले होते आणि अर्धं पुस्तक डोक्यात होतं.

सकाळी परीक्षेच्या खोलीत गेलो, बाकावर बसलो, आणि बसता क्षणी डोकं असं रिकामं झालं की जणू कुणी तळाचं बूच काढलं. पहिला प्रश्न झडपेचा. मला झडप आठवेना, आत्यांचा चष्मा आठवला. मी उभा राहिलो. उभा राहताच झडप आली!

“काका, कुठे निघालात?” परीक्षकानं विचारलं. उंच, उदास चेहऱ्याचा इंजिनियर.

“कुठेच नाही.”

“मग बसा.”

बसलो. झडप गेली. पुन्हा उठलो.

“काका, बाहेर जाऊन यायचं आहे का? लाजू नका.”

खोलीतली सगळी हसली. म्हणालो, “नाही साहेब. आठवायचं आहे. काल आमच्याकडे संत निकोला होता. मी जे शिकलो ते उभ्यानं शिकलो. बसलो की जातं.”

हसणं थांबलं. तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता बाहेर काढतो. संत सावाच्या दिवशीचं शाळेचं धुरांडं मला डोळ्यांपुढे दिसलं, त्यातून दुसऱ्याच कुणाचा धूर निघत होता. त्यानं हळूच विचारलं, “मासा कसा केला होता?”

“कांद्यावर भाजून.”

“आमच्याकडे रस्सा होता,” तो म्हणाला. “माझे पायसुद्धा अजून दुखताहेत.” आणि त्यानं मला खिडकीच्या कट्ट्याशी उभं राहून लिहायला दिलं. जाताना मात्र म्हणाला, “तोंडी परीक्षा उभ्यानंच असते, काका, खऱ्या बॉयलरसमोर. आम्ही तिघं असू. तिथे मी माशाचं विचारणार नाही. आणि पुस्तकाचा दुसरा भाग विचारला जातो.”

लेखी सुटलो, अगदी काठावर. दुसरा भाग माझ्या डोक्यात अजिबात नाही. संत निकोलाच्या दिवशी आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो, मेणबत्ती आधी संपली.

तुम्ही म्हणाल, मग आता उभं राहा आणि वाच. राहिलो. रिकाम्या खोलीत हातात पुस्तक घेऊन, भिंतीकडे तोंड करून. खिडकीतून बघणाऱ्या गाईला वाटलं असेल मला शिक्षा झाली आहे. एकटं उभं राहून काही होत नाही, समोर पाहुणा लागतो. शेवटी मी स्तामेन्काच्या पाया पडायचा बाकी राहिलो. ती तयार झाली. मागच्या दारानं बाहेर गेली, चांगला कोट घातला, पुढच्या दारावर टकटक केली आणि आत आली.

“संताचा दिवस सुखाचा जावो, घरधनी!”

“तुम्हालाही. बसा. हे पुस्तक घ्या आणि विचारा.”

“आल्या आल्या? आधी कॉफी तरी विचारा.”

कॉफी केली. ती प्यायली, खोलीभर नजर फिरवली. “या घरची बाई दिसत नाही ती?”

“ती… जरा बाहेर गेली आहे.”

“बिचारी. ऐकलं तिच्याविषयी. तिचा नवरा म्हणे महिनोन्महिने एका पुस्तकाला हात लावत नाही.”

“स्तामेन्का, प्रश्न विचार!”

“अहो, परक्या बाईशी अरे-तुरे काय करता?” मग पडद्याकडे बोट दाखवून, “हे शेवटचे कधी धुतले होते?”

“तुला ठाऊक.”

“मला कसं ठाऊक असेल? मी पाहुणी.”

एकही प्रश्न न विचारता ती दोन पेले राकिया पिऊन गेली, आणि मागच्या दारानं परत येऊन मलाच म्हणाली, “कोण आलं होतं रे? पेले कुणाचे?” नंतर मात्र ती कोट न काढताच माझ्याजवळ बसली. म्हणाली, “ओब्राद, संत सावाच्या दिवशी तू घरी बसलेला मला बघवणार नाही.”

तेव्हा मी निश्चय केला. आता कुठलाही स्लावा नाही, कुणाचाही नाही, तुमचासुद्धा नाही. माझा नमस्कार तुमच्या भाकरीला, तुमच्या मेणबत्तीला आणि वहिनींच्या सार्म्याला. मला क्षमा करा आणि माझ्या वाटची खुर्ची रिकामी ठेवू नका, नाहीतर ती तुम्हाला टोचत राहील. संत योवान तुमच्या घरावर लक्ष ठेवो.

तुमचा,
ओब्राद

ता. क. पत्र बंद करण्याआधी एक विचारायचं राहिलं. वुक्सानला रजा मिळाली नाही, हे खरं का? वहिनींनी तिहोमिरच्या बायकोला सांगितलं, तिनं तिहोमिरला, तिहोमिरनं परवा मला. म्हणजे तुमच्या घरी यंदा उभं राहायला कुणी नाही. वहिनी असंही म्हणाल्या म्हणे, की तुम्ही मेणबत्तीजवळ खुर्ची ठेवून बसून पाहुणे घेणार आहात आणि त्या विचारानं तुम्ही नाताळात धड जेवला नाहीत. मला हे तिहोमिरकडून कळावं, याचा मला राग आलेला आहे, दादा.

आणखी एक. खरं तर हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पत्र त्यासाठीच घेतलं होतं. पण मागायचं कसं ते सुचेना, म्हणून आधी बाकीचं लिहीत बसलो. तुम्ही मला ओळखता. तर विनंती अशी: संत योवानच्या दिवशी तुमच्या जागी मला उभं राहू द्या. मी कूमच आहे, परका नाही, संत समजून घेईल. तुम्ही गुडघा पसरून टेबलाच्या डोक्याशी बसा आणि पुस्तक तुमच्या हातात धरा. आत येणाऱ्या प्रत्येकानं क्रूसाची खूण करायची, गहू खायचा आणि दुसऱ्या भागातला एक प्रश्न विचारायचा. मी चुकलो तर त्याला मोठ्यानं हळहळायला सांगा. पेरुनिकाआत्यांना मी बरोबर आणतो. मेणबत्ती विझल्यावरच जेवेन आणि सकाळच्या पहिल्या बसनं थेट तुमच्याकडूनच शहरात जाईन.

आणखी. स्तामेन्कानं हे सगळं वाचलं. म्हणाली, “म्हणजे एवढं सगळं लिहून शेवटी स्लावालाच चाललास.” ती माझा शर्ट इस्त्री करते आहे.

शेवटचं. तुमच्या मेणबत्त्या तुम्ही स्वतःच्याच मेणाच्या ओतता, म्हणून सांगतो. यंदाची जरा जाड ओता. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे.